लेखकाने गप्प बसावे

गॅलरीचं दार लावून घ्यावं, एवढाच निर्णय विमावाल्यांनी त्या रविवारी बायकोला न विचारता घेतला, आणि तोच त्यांच्या अंगाशी आला.

विमावाले म्हणजे विमा कंपनीतले क्लेम क्लार्क. लोकांचे टीव्ही-फ्रिज कसे जळाले, गाडी आपणहून खांबावर कशी आपटली, याची करुण वर्णनं दिवसभर वाचायची आणि समासात लाल पेनाने 'पुरावा काय?' असं लिहून ती परत धाडायची, ही त्यांची नोकरी. वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी रचलेल्या गोष्टी वाचल्यावर आपणही एक रचावी असं त्यांना वाटलं, यात नवल नाही. नवल हे, की त्यांनी ती रचून लेखक मंडळात नावही घातलं.

मंडळ लहानसं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाई अध्यक्ष. त्या गोष्टीतली कीडही दातातल्यासारखीच, बधिर न करता काढत. शिवाय एक रिटायर्ड हेडमास्तर आणि एक औषधदुकानवाले. दर रविवारी कुणा एकाच्या घरी जमायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी चर्चा करायची आणि शेवटी गोष्ट संग्रहात घ्यायची की नाही यावर मतदान. नियम एकच, पण कडक: चर्चा चालू असताना लेखकाने बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत आणि जागेवरून उठायचं तर मुळीच नाही. (मागे एक कवी चर्चेच्या मधेच पाणी प्यायला म्हणून उठला, तो अजून परतलेला नाही.) नियम मोडला की गोष्ट बाद. आणि मंडळाच्या छापील संग्रहात आता एकाच गोष्टीपुरती जागा उरली होती. ती आपली गोष्ट असणार, या कल्पनेने विमावाल्यांना आठवडाभर जेवण जात नव्हतं. (म्हणजे जात होतं, पण चव लागत नव्हती.)

नेमकी त्याच रविवारी बायको ऑफिसच्या ट्रेनिंगला गेली. जाताना ती दारात दोनदा थांबली.

"अहो, बाबांकडे लक्ष द्या. त्यांना इथे करमलं पाहिजे. नाहीतर पुन्हा 'मी माझ्या घरी एकटा बरा' सुरू होईल."

"तू निर्धास्त जा."

"तुम्ही असं म्हणालात की मला धास्तीच वाटते."

बाबा म्हणजे बांधकाम खात्यातले रिटायर्ड इंजिनियर. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहत. मध्यंतरी जिन्यात त्यांचा पाय घसरला, तेव्हापासून त्यांना कायमचं आपल्याकडे आणायचं, असा लेकीने ध्यास घेतला होता. बाबा मात्र पाहुण्यासारखे आले होते आणि बॅग अजून पुरती उघडतही नव्हते.

मंडळ जमलं. चहा झाला. खाली भंगारवाल्याचा भोंगा किंचाळत होता. आपल्या गोष्टीतल्या हळव्या जागी भोंगा नको, म्हणून विमावाल्यांनी गॅलरीचं सरकतं काचेचं दार ओढलं, खिटी लावली आणि वर पडदाही सारला. "वरच्या मजल्यावर फरशीचं काम चाललंय," ते सगळ्यांना म्हणाले, "ठोकाठोक ऐकू आली तर लक्ष देऊ नका." आणि ते वाचायला बसले.

गोष्ट अशी होती: एक कुटुंब सहलीला निघतं, वाटेत बसथांब्यावर उतरतं आणि आजोबांना तिथेच विसरून पुढे जातं. आजोबा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून ढसाढसा रडतात. वाचताना स्वतः विमावाल्यांचाच आवाज दाटून आला.

"आता चर्चा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेखक गप्प."

त्याच वेळी काचेवर टकटक झालं. आवाज वरून आला नव्हता, पडद्याआडून आला होता. विमावाल्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. बाबांची खुर्ची रिकामी. बाबांचा मोबाईल चार्जिंगला. आणि मग त्यांना आठवलं, की चहानंतर बाबा टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेले होते.

"भाषा बरी आहे," हेडमास्तर म्हणाले, "पण घरातलं वडीलधारं माणूस कुणी असं विसरतं का हो? मला नाही पटलं."

टकटक.

"मलाही," औषधवाले म्हणाले. "इतकी माणसं असून एकाच्याही लक्षात येत नाही?"

विमावाल्यांचा हात आपोआप पडद्याकडे गेला. "हातवारे नकोत!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. हात खाली आला. उठावं, दार उघडावं, हे त्यांना कळत होतं. पण आता थोडी चर्चा आणि मतदानच तेवढं उरलं होतं. बाहेर सावली आहे, स्टूल आहे, वारा आहे. दहा मिनिटांनी काय बिघडणार, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. कुठल्याही क्लेमवाल्याचा इतका पोकळ युक्तिवाद त्यांनी एका मिनिटात फेटाळला असता.

"शिवाय ते आजोबा रडतात कशाला?" औषधवाले म्हणाले. "चांगले ओरडले पाहिजेत!"

"जावईबापू!" पडद्याआडून हाक आली.

"हां, असे!" औषधवाले म्हणाले, आणि मग दचकून इकडेतिकडे पाहू लागले.

तेवढ्यात बेल वाजली. लेखकाला उठता येत नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी दार उघडलं. वॉचमन धापा टाकत उभा होता.

"साहेब, तुमच्या गॅलरीत चोर आहे! समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी पाहिला. डोक्याला टॉवेल बांधलाय, हातात वायपर आहे. मी खालून दम दिला, तर म्हणतो मी सासरा आहे!"

सगळ्यांनी विमावाल्यांकडे पाहिलं. विमावाले गप्प.

"अहो, आता तरी बोला!" हेडमास्तर ओरडले.

"नियम..." विमावाले पुटपुटले, आणि बोलल्यामुळे गोष्ट बाद झाली.

पडदा सरकला, दार उघडलं. बाबा शांतपणे आत आले, वायपर कोपऱ्यात ठेवला, पाणी प्यायले आणि हेडमास्तरांच्या रिकाम्या खुर्चीत बसले. विमावाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"दाराला फट आहे," बाबा म्हणाले. "काम कच्चं. त्यामुळे गोष्ट सगळी ऐकू आली. थांब्यावर विसरलेला माणूस रडत नाही, जावईबापू. पहिल्यांदा त्याला वाटतं, येतील आत्ता. मग तो त्यांच्या वतीने कारणं शोधतो. आणि कारणं संपली की आपण तसेही कुणाला फार लागत नव्हतो, हे त्याला पटायला लागतं."

विमावाल्यांना फार वाईट वाटलं. या वेळी गोष्टीचं नव्हे.

"चुकलो, बाबा," ते म्हणाले.

"ते नंतर," डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "बाबा, तुम्ही लिहिता का?"

बाबांनी त्याच रात्री बॅग पूर्ण उघडली, कारण त्यांना कोरे कागद हवे होते. पुढच्या रविवारी त्यांनी 'गॅलरी' नावाची गोष्ट वाचली. लेक दारात उभी राहून ऐकत होती. हसून हसून औषधवाल्यांचा चष्मा पडला, हेडमास्तरांनी दोनदा डोळे पुसले. बाबा आता कायमचे राहणार, हे लेकीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"उत्तम!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त एक शंका. तो जावई. मतदानासाठी सासऱ्याला बाहेर ठेवतो? मी मागच्या रविवारी इथेच होते, तरी मला ऐकताना पटत नाही. इतका बिनडोक माणूस असतो, याला पुरावा काय?"

बाबा लेखक होते, त्यामुळे ते बोलले नाहीत, हातवारे केले नाहीत आणि उठलेही नाहीत.

विमावाले लेखक नव्हते. ते उभे राहिले.