डावी बाही आणि टाचणीचा फ्रॉक

आमच्या घरात एक नियम आहे. मूल हट्टाला पेटलं की त्याला कोठीच्या खोलीत कोंडायचं आणि 'का' असं कुणी विचारायचं नाही. (मी लहानपणी विचारायचे. आतून.)

बाबा शिंपी. घर पहिल्या मजल्यावर, पुढच्या खोलीत दुकान. परवा दुपारी तिथे एक वकीलसाहेब एका बाहीच्या कोटात उभे होते. डावी बाही दादाच्या मुलीने पळवली होती. ती साडेचार वर्षांची आहे आणि सगळे तिला टाचणी म्हणतात. वकिलांना दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोट घालून कोर्टात उभं राहायचं होतं.

"बाही कुठंय?" काकूने विचारलं.

"सांगणार नाही."

"धपाटा हवाय का पाठीत?"

"नको." (विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं तरी आमच्याकडे त्याला उलट बोलणं म्हणतात.)

मी कॉलेजात बालमानसशास्त्राचा पेपर दिलाय. पासही झालेय, काठावर. तेव्हा म्हटलं, आज हे प्रकरण शांतपणे हाताळायचं. "सगळ्यांनी आधी शांत व्हा," असं मी इतक्या जोरात ओरडले की वकिलांनी दचकून दोन्ही हात वर केले आणि खांद्याचे कच्चे टाके उसवले.

मग मी टाचणीशेजारी जमिनीवर बसले. (शिंप्याच्या घरात जमिनीवर बसताना आधी बघावं. मी बघितलं नाही.)

"काय झालं गं?" मी डोळ्यांतलं पाणी आवरत विचारलं.

"आधी माझा फ्रॉक."

"हा कोट झाला की तुझाच," बाबा म्हणाले.

"निळ्या कोटाच्या वेळीपण असंच म्हणाला होतात, आजोबा. आणि त्या ढेरीवाल्या काकांच्या कोटाच्या वेळीपण. माझं कापड नुसतंच पडलंय."

"पक्षकाराची बाजू भक्कम आहे," वकील पुटपुटले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा हट्ट नव्हताच, ही गिऱ्हाइकाची तक्रार होती. "मोठ्या गिऱ्हाइकाने कटकट केली तर तुम्ही चहा मागवता," मी एका दमात म्हणाले, "आणि छोट्याने केली की कोठी?"

बाबांनी कोठीच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "झालं भाषण? आता कोंड तिला. अर्ध्या तासात पोपटासारखी बोलेल."

"ती आत्ताच बोलली, बाबा. तुम्ही ऐकलं नाहीत."

"तुलाही कोंडायचो आम्ही," काकू म्हणाली. "काय वाईट झालं गं तुझं?"

"मी अजून लिफ्टमध्ये चढत नाही, काकू."

"उचल तिला," बाबा म्हणाले.

"नाही. मी कोंडणार नाही. आणि यापुढे या घरात कुणीच कुणाला कोंडणार नाही." एवढं बोलून मी किल्ली खिडकीतून भिरकावली. खालून वाळूचा ट्रक चालला होता. किल्ली नेमकी वाळूत रुतली आणि ट्रक चौकातून वळून दिसेनासा झाला. इतका अचूक नेम माझा जन्मात कधी लागला नव्हता.

बाबा आणि काकू खिडकीशी धावले. मी मात्र मान ताठ करून उभी राहिले.

टाचणीने माझा हात ओढला. स्वारी भलतीच खूश होती.

"आत्या, तू चांगली आहेस. तुला सांगते. बाही ना, मी कोठीच्या दाराखालून आत सरकवली."

वकिलांनी कोटाच्या रिकाम्या डाव्या खांद्याकडे बघितलं. दुसरी किल्ली आहे का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.