डोळे बांधून केलेला बैल

चित्रकला शिकवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या अकोल्यात कोणी नाही! सव्वीस वर्षं क्लास चालवतोय. दगडाकडूनही दोन महिन्यांत बरं चित्र काढून घेईन, असं मी येईल त्या पालकाला ऐकवतो.

म्हणून प्रियदर्शनीची मावशी तिला घेऊन आली तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "बिनधास्त ठेवा!" पोरगी पंधरा वर्षांची, जन्मापासून अंध. गाव अंजनगाव सुर्जी, शिकायला अकोल्यात. पोळा जवळ आलेला, क्लासमध्ये मातीच्या बैलांचं प्रदर्शन भरायचं होतं. मी तिला मातीचा गोळा दिला, उजेड चांगला येतो म्हणून खिडकीजवळ बसवलं आणि बाकीच्यांकडे वळलो. अधूनमधून "वा, छान!" म्हणायला मात्र विसरत नव्हतो.

नवव्या दिवशी ती उठून उभी राहिली.

"सर, मी उद्यापासून नाही येत."

"काहून? काय झालं?"

"तुमी मले शिकवून नाही राहिले, बसवून ठेवून राहिले. काल मी गोळ्याले हातबी नाही लावला, तरी तुमी छान म्हनले!"

वर्ग खो खो हसला. माझे कान तापले. सव्वीस वर्षांत एकही पोर असं सोडून गेलं नव्हतं! खरं सांगतो, रागापेक्षा लाज जास्त वाटली.

"काय केलं म्हणजे राहशील?"

"डोये बांधून बैल करा. मी हात लावून पाह्यतो. मले बैल ओयखू आला, तर तुमाले मलेबी शिकवता येईन."

"एवढंच ना!" मी तिथेच रुमाल बांधला आणि पाऊण तास खपलो. तिने हात फिरवला.

"सर, हे वांगं हाय काय?"

"बैल आहे!"

"खऱ्या बैलाले कधी हात लावला तुमी?"

हजारभर बैल काढले असतील मी, पण हात? शिंगं असतात हो त्याला!

तरी आता माघार नाही! रविवारी तिच्यासोबत एसटीने अंजनगाव गाठलं. तिचे आबाजी, म्हणजे आजोबा वामनराव, गोठ्यात ढवळ्याची वेसण धरून उभे होते. मी दारातच डोळे बांधले.

"मास्तर, आंदी पाहून तं घ्या!"

"नाही! मी हिच्यासारखाच शिकणार!"

पहिलं पाऊल शेणात. दुसरं पाण्याच्या बादलीत. तोल सावरायला एक दोरी हाती लागली, ती मी जीव खाऊन ओढली. ती शेपटी होती! पुढचं नीट आठवत नाही, पण मी कडब्यात बसलो होतो आणि चष्मा खिशातच मोडला होता.

"उठा सर," प्रियदर्शनी म्हणाली. "मीबी पयल्यांदा अशीच पडली होती."

तिने माझा हात धरून बैलावर ठेवला. हे वशिंड, ही गळ्याखालची पोळी, हे खूर. बोटांना सगळं कळत होतं. मला भरून आलं.

"आता तोंड तुमीच शोधा," म्हणून ती हात धुवायला गेली.

शोधलं! रुंद कपाळ, फेंदारलेलं नाक, नाकाखाली राठ केस. श्वासाला तंबाखूचा वास आला, पण म्हटलं चाऱ्यात काही आलं असेल. पाच मिनिटं मी ते तोंड चाचपलं. जनावर इतकं गुणी की हूं की चूं नाही!

सोमवारी भर वर्गात डोळे बांधून बैल केला. प्रियदर्शनीची बोटं वशिंडावरून फिरली, पोळीवरून, खुरांवरून.

"बैल हाय!" ती म्हणाली. "मी येत जाईन सर."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी रुमालाने डोळे पुसले. तेवढ्यात तिचा हात तोंडावर पोचला आणि थांबला.

"सर, हे तं आमचे आबाजी हायत!"

"काय?"

"तरीच काल म्हनत होते, मास्तर लय वेळ तोंडावरून हात फिरवून राहिले होते, पन पाहुन्याले कसं बोलावं!"

प्रदर्शन उद्यापासून आहे. वामनराव सहकुटुंब येणार आहेत. बैलाची झूल यंदा पाठीवर न घालता तोंडावरून सोडायची, असं मी ठरवलंय.