भार सारखा करा!

आमच्या शेजारचे दौलतमामा घरी आले, की आधी बसलेल्या सगळ्यांना उभं करायचे. मग डोळे बारीक करून एकेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि पुन्हा बसवायचे. "मास्तर," हे मला, "तुम्ही या टोकाला. वहिनी, तुम्ही त्या. मेहुण्यांचं अंग जरा भारी आहे, त्यांना मध्ये घ्या. हां, आता भार सारखा झाला!" बसायला आमचा साधा लाकडी सोफा. तो कुठे निघालेला नव्हता. पण हे मामांना सांगणार कोण?

मामांनी उभं आयुष्य बडोदा स्टेशनवर टांगा हाकला. टांग्यात मागं वजन जास्त झालं, की पुढच्या दांड्या वर उचलतात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो. पुढं जास्त झालं, तर सगळा भार त्याच्या पाठीवर. म्हणून कुणी कुठं बसायचं ते मामा ठरवत, उतारूंनी तोंड उघडायचं नाही. एकदा त्यांनी एका नव्या नवरीला पुढं आपल्या शेजारी घेतलं आणि नवऱ्याला मागं ट्रंकेबरोबर बसवलं. नवरा रुसला. "रुसू दे," मामा म्हणाले, "घोडी रुसली तर दोघंही चालत जाल."

पुढे रिक्षा वाढल्या, घोडी म्हातारी होऊन गेली, टांगा विकला. सवय मात्र कुणी विकत घेतली नाही. एकदा खंडेराव मार्केटहून भाजी घेऊन आम्ही रिक्षात बसलो, तर मामांनी भोपळा उचलून रिक्षावाल्याच्या पायाशी ठेवला. "भाई, पाछळ भार वधी गयो छे." म्हणे मागं भार वाढलाय!

"काका, आ रिक्षा छे, टांगो नथी!"

"पोट सगळ्यांनाच असतं," मामा मला मराठीत म्हणाले आणि भोपळा तिथंच राहिला. गणेशोत्सवात तर अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना हे व्यासपीठावर गेले, शेजारच्या पाहुण्यांना खुर्चीसकट दोन हात सरकवून आले आणि वर "चालू द्या" म्हणाले. आम्ही शेजारी म्हणून तोंड लपवून बसलो.

या वेडाचा राग कधीच न येणारं एकच माणूस होतं, आमच्या मामी. मामी अंगानं चांगल्या भरलेल्या, मामा काडीसारखे. संध्याकाळी दोघं घरातल्या हिंचक्यावर, म्हणजे छताच्या कड्यांना टांगलेल्या झोपाळ्यावर बसत. मामा अगदी टोकाला, मामी दुसऱ्या बाजूला पण जरा आत, मध्ये पानाचा डबा. हिंचका कसा सरळ जायचा. "घरातला निम्म्याहून जास्त माल हाच," असं मामा आल्यागेल्याला सांगत आणि मामी हसत हसत पानाचे देठ त्यांच्या अंगावर फेकत.

मामी आजारी पडल्या आणि काही महिन्यांत गेल्या. त्यानंतर मामांचं येणं कमी झालं. आले तरी दारातून बोलून जात, कुणाला उभं करत नसत. आमच्या सोफ्यावर आता कुणी कुठंही बसू लागलं. इतकी वर्षं मी त्यांच्या नावानं बोटं मोडली, पण ते मला मुळीच बरं वाटेना.

त्यांचा मुलगा संजय वाघोडियाच्या कारखान्यात आहे. तिकडेच त्यानं फ्लॅट घेतला आणि वडिलांना न्यायला आला. मामांचं एकच उत्तर, "तिकडं छताला कडी नाही. हिंचका टांगायचा कुठं?" संजय कंटाळून माझ्याकडे आला. "मास्तरकाका, एका कडीसाठी माणूस असा एकटा राहतो का? तुम्ही तरी समजवा."

मी समजवायला गेलो. दार उघडंच होतं. मामा हिंचक्यावर नेहमीच्या टोकाला बसले होते. मध्ये पानाचा डबा. पलीकडे, जरा आत, घोडीच्या दाण्याचं जुनं पोतं तोंड शिवून ठेवलेलं, आणि ते घसरू नये म्हणून जुन्या लगामानं साखळीला बांधलेलं. मामा पायानं झोका देत होते. हिंचका सरळ जात होता.

"हे काय भरलंय, मामा?"

"वाळू. एकट्यानं बसलं की वाकडा जातो."

"मग मध्ये बसा की!" सवयीनं मी थट्टा करून गेलो.

"मध्ये बसलो, तर एकट्याचाच हिंचका झाला ना, मास्तर."

मी खुर्ची ओढून बसलो. झोका मंदावला तसं मी पोतं जरा उचलून पाहिलं. ते जागचं हलेना. "एवढं जड? शेवटी दवाखान्यातून आणताना मामींना मी एकट्यानं उचललं होतं."

मामांनी पाय टेकवून हिंचका थांबवला. "आजारात फार वाळली हो ती. मी आधीचं धरलंय."

घरी आल्यावर मी संजयला फोन केला. आधी छताला कडी बसव, मग वडिलांना न्यायला ये, असं सांगितलं.

"बसवतो की, काका. साधी चालेल. बाबांचं वजन ते काय!"

"दोघांच्या वजनाची बसव," मी म्हणालो.