सुखदेवभाऊंची मोकळी सीट

आमच्या अनसिंग-वाशिम रस्त्यावर काळीपिवळीत माणसं बसत नाहीत, कोंबली जातात. मागं चार जण लोंबकळतात, एखादा टपावर. पण सुखदेवभाऊंच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट कायम मोकळी. वरून तिला आडवा दुपट्टा बांधलेला, बसलेला माणूस पडू नये म्हणून बांधतात तसा.

"तिथं मानूस हाये," एवढंच भाऊ सांगत.

मी शाळामास्तर. भुताखेतांवर विश्वास नाही, गुडघेदुखीवर आहे. एकदा भर दुपारी गाडीत तीळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी पिशवी त्या सीटवर टेकवली. भाऊंनी गाडी थांबवली, सीटकडे कान दिला, मान हलवली आणि पिशवी अदबीनं माझ्या हातात दिली. "मास्तर, त्यायले पाय आखडता येत नाही. मांडी मोडेल हाये."

गाडीभर हसू फुटलं. मीही हसलो. पण त्या दिवसापासून मी मुकाट्यानं मागं लोंबकळू लागलो.

पुढं एका बाभळीपाशी भाऊ रोज थांबत. डावं दार उघडत, जरा वाट पाहत, "या" म्हणत आणि दार हळूच लावत. बायको वारल्यापासून भाऊंचं डोकं फिरलंय, असं गावाचं निदान होतं. माझंही तेच.

मग तो नवा कायदा आला. धडकेत माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर संपावर गेले. थांबलं तर लोक मारतात, पळालं तर सरकार, असं त्यांचं म्हणणं. ते काही अगदीच खोटं नव्हतं. भाऊंनी मात्र माझ्याकडून पेपरातलं ते कलम तीनदा वाचून घेतलं.

"मागच्याले लागते का हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. कायदा मागं जात नाही, आणि हे पोटकलम तर अजून लागूच केलेलं नाही. ऐकून त्यांचा चेहरा पडला. सुटल्याचं दुःख झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेव्हा त्यांनी सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी ते ट्रक चालवत. त्या बाभळीपाशी पायी जाणारा एक जण चाकाखाली आला. मांडी मोडली होती, पण जिवंत होता. टाकून जाऊ नको म्हणत होता. लोक येतील, मारतील, म्हणून भाऊ पळाले. लोक आलेच नाहीत. तो माणूस तिथंच पडल्यापडल्या मेला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेलो. भाऊंच्या काखेत वळकटी, हातात ताट-तांब्या. घराची किल्ली शेजारणीला देऊन आले होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तेव्हा शिक्षा दोन वर्षांची होती, खटल्याची मुदत केव्हाच सरली. घरी जा.

भाऊ उठले नाहीत. "शिक्षा नसन तं राहू द्या साहेब. त्यायचं नाव तेवढं सांगा. रोज बोलतो त्यायच्याशी, पन काय म्हनून हाक मारावी समजत नाही."

जुनं रजिस्टर निघालं. हवालदारानं बोट फिरवत वाचलं: अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस, वारस कोणी आला नाही.

मला माझ्या त्या दिवशीच्या हसण्याची लाज वाटली.

भाऊंनी डोळे पुसले आणि त्या वारसाच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं माझं नाव लिवा," ते म्हणाले.

हवालदार पेन हातात धरून साहेबांकडे बघत राहिला.