शकूमावशींच्या नमुना प्रती

शकूमावशींकडून झेंडूचा एक हार घ्यायला पुण्याहून माणसं अमरावतीला येतात आणि त्या हाराला साडीएवढी किंमत मोजतात. हार साधाच असतो, दुपारी तर मान टाकलेला. पण त्याच्यासोबत मावशी एक जुनी रेकॉर्ड फुकट देतात.

मावशी आमच्या शेजारच्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं फुलांचं दुकान. एका बाजूला शेवंती, झेंडू, निशिगंध, दुसऱ्या बाजूला फळीवर उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. त्यांचे यजमान वामनराव एका रेकॉर्ड कंपनीचे फिरते विक्रेते होते. नवी रेकॉर्ड निघाली की तिच्या नमुना प्रती घेऊन ते एसटीनं मोर्शी, अचलपूर, नांदगाव खंडेश्वर असे फिरायचे आणि दुकानदारांना त्यांच्याच मशीनवर ऐकवायचे. पुढे कंपनी बंद पडली आणि नमुने घरातच राहिले. मग वामनरावही गेले. प्रत्येक वेष्टनावर निळा शिक्का होता: नमुना प्रत, विक्रीसाठी नाही.

हा शिक्का मावशींनी फार मनावर घेतला. त्या रेकॉर्ड देतात, पण विकत नाहीत.

"मावशी, ही केवढ्याला?" गिऱ्हाईक विचारतं.

"लिवेल दिसत नाही काय? इकाची नाही ते. हार घ्या."

"बरं, हार केवढ्याला?"

मग मावशी रेकॉर्डकडे नीट बघतात आणि हाराचा भाव सांगतात.

नागपूरचे एक गृहस्थ अडून बसले. म्हणाले, पैसे घ्या, पण हार नको. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मंग रेकॉर्ड काहून भेटन? फुकटात कोनी देते काय?" शेवटी ते हार गळ्यात घालून बसस्टँडकडे गेले. रस्त्यातल्या दोघातिघांनी त्यांना नमस्कार केला म्हणे.

एका माणसाला एका वेळी एकच रेकॉर्ड मिळते. वर निघताना बजावणी असते, "घरी जाऊन आयकजो, अन मले फोन करून सांगजो, कसं हाय गानं." जो फोन करत नाही, त्याला पुढची मिळत नाही. सकाळी फुलं घ्यायला गेलो की हे फोन माझ्या कानावर पडायचे. "बाई म्हन्ते का बुवा? ... सांग ना बापा, घाई काहून करून राहिला?" गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही त्यांची युक्ती असेल, असं मला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात मुंबईचा एक व्यापारी गाडी घेऊन आला. त्यानं सगळी फळी चाळली आणि सगळ्याच रेकॉर्डी मागितल्या. मावशींनी मला घरातून बोलावून घेतलं. व्यापाऱ्याला रीत समजली होती. दुकानातली झाडून सगळी फुलं घ्यायलाही तो तयार होता. आकडा असा होता की मावशींना पुन्हा दुकानात बसायची गरज पडली नसती. बसून बसून त्यांचे गुडघे धरतात, उठताना भिंतीचा आधार लागतो.

मावशी बराच वेळ शेवंतीवर पाणी शिंपडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही जमत, भाऊ."

गाडी गेल्यावर मी चिडलो. "मावशी, असं गिऱ्हाईक पुन्हा येणार आहे का?"

"सगळ्या एकाच मानसानं नेल्या, त फोन बी एकच येईन."

मग मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, "तुम्ही स्वतः ऐकत नाही का या?"

"कायच्यावर आयकू? आमच्या घरी मशीन कधी होतंच कुठं. हे गावोगावच्या दुकानात आयकत. घरी आले का मी इचारत होती, आज काय आयकलं? मंग जेवता जेवता सांगत. बाई कशी म्हन्ते, कुठं थांबते, कुठं आवाज बारीक करते. गाता त काई येत नव्हतं याईले. नुसतं सांगत. मले वाटे, मी आयकलंच."

मावशींचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे अकोल्याचे देशमुख सर. त्यांना मी हे सगळं सांगितलं. पुढच्याच रविवारी ते रेकॉर्डचं मशीन मांडीवर धरून एसटीनं आले. फुलांच्या टोपल्या बाजूला सारून आम्ही ते मांडलं. "कोणती लावू?" सरांनी विचारलं.

मावशींनी फळीच्या अगदी टोकाची रेकॉर्ड काढली. "हे लावा. याईची लई आवडती."

एका बाईचा आवाज दुकानात भरला. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या, हातातली सुई तशीच फुलात. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच खाली बसवलं. बाजू संपली.

"कसं वाटलं, मावशी?" मी हळूच विचारलं.

"हे सांगत, तसंच हाय." मग गालात हसून म्हणाल्या, "पन सारंगी लपवली याईनं. तिचं कधी बोललेच नाही."

आणि सरांकडे वळून म्हणाल्या, "पालटा बापा. तिकडून काय काय लपवलं, तेबी पाहू."