रंगाभाऊंची हार्डडिस्क

आमच्या आळीत कुणी फोनमधले फोटो पुसायला घेतले, की रंगाभाऊंना कसा कोण जाणे, सुगावा लागतो. परवा मी ओट्यावर बसून जुने फोटो काढून टाकत होते, तर ते पलीकडच्या दारातून अनवाणीच धावत आले.

"म्याडम, थांबा! पुसू नका. माझ्याकडं टाका."

"भाऊ, यात सगळ्यांचे डोळे मिटलेत."

"मग? डोळं मिटल्यालं मानूस, मानूस न्हाई व्हय?"

रंगनाथभाऊ मूळचे आणे गावचे, तिथल्या कोरड्या पठारावरचे. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढली, त्यातली बरीच वर्षं घोडेगावहून आहुप्याला मुक्कामी जाणाऱ्या गाडीवर. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर जुन्नरला आमच्या शेजारची खोली घेतली आणि हा उद्योग सुरू केला. ज्याचा फोन भरेल, त्याचे नकोसे फोटो रंगाभाऊंकडे. हललेली नवरी, केकमागे अर्धा झाकलेला मामा, कुणाचा नुसता कान. नाकारायचे ते फक्त सकाळच्या शुभेच्छांचे गुलाब. "त्यात मानूस नसतंय," म्हणायचे.

एक दिवस त्यांचा फोन तापला आणि बंद पडला. दुरुस्तीवाल्याने फोटो कसेबसे वाचवले, पण तोवर भाऊंनी अन्न सोडलं होतं. फोन हातात आल्यावर पहिलं वाक्य बोलले, "म्याडम, आता मोठी गाडी पायजे." म्हणजे कॉम्प्युटर.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून मला सोबत नेलं. बाजारपेठेत पारसशेठचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून कापड विकायला आले होते, नातू कॉम्प्युटर विकतो. तो कौतुकाने स्क्रीन दाखवायला लागला. भाऊंनी तिकडे पाहिलंही नाही.

"शीटा किती?"

पारसशेठ गोंधळला. मी म्हटलं, "स्टोरेज विचारताहेत."

मग दुपारभर तेच चाललं. पारसशेठने दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक चपटी, हलकी एसएसडी, दुसरी जाडजूड हार्डडिस्क. भाऊंनी दोन्ही हातात धरून तोलल्या, कानाशी नेल्या.

"ही पातळ लई पळती, पण महाग," पारसशेठ म्हणाला. "जाडी जरा सावकाश, पण त्याच पैशात कितीतरी जास्त मावतं."

"म्हंजी पातळ डायवरला, जाडी पाशिंजरला."

इतकी वर्षं मी मुलांना जे शिकवते, ते याहून सोपं करून मला सांगता आलं नसतं. छोटी एसएसडी विंडोजसाठी, म्हणजे मशीन चटकन सुरू होईल. मोठी हार्डडिस्क फोटोंसाठी. ठरलं.

"शेठ, ही जाडी किती वरीस जगंल?"

पारसशेठ प्रामाणिक माणूस. "ते कुणालाच सांगता येत नाही, भाऊ. चालली तर वर्षानुवर्षं, नाहीतर एखाद्या सकाळी गपकन जाईल."

भाऊ खाली स्टुलावर बसले. चहा आला, त्यांनी कपाला हात लावला नाही.

"म्हणून तर बाहेरची असते," पारसशेठ घाईने म्हणाला आणि त्याने वायरने जोडायची डिस्क पुढे केली. "आतलं सगळं हिच्यावर कॉपी करायचं. नाहीतर आतली छोटी घ्या आणि सगळे फोटो हिच्यावरच ठेवा, स्वस्तात होईल."

"म्हंजी पाशिंजर कायमचं टपावर? न्हाई जमायचं. आतबी पायजे आन् भाईरबी."

"क्लाउडवरही ठेवता येतात."

"ढगात? राव, मी आण्याचा. आमच्या पठारावरचं ढग बघितल्यात का कधी? नुसतं येत्यात आन् जात्यात."

शेवटी आतली मोठी आणि बाहेरची तेवढीच घेतली. दोन्ही एका घरात नको, म्हणून बाहेरची माझ्या कपाटात राहायची. दर रविवारी भाऊ ती न्यायला यायचे, नवे फोटो उतरवायचे आणि टॉवेलात गुंडाळून परत आणून द्यायचे.

अशाच एका रविवारी आहुप्याहून सखू नावाची बाई आली. तिची आई हिराबाई वारली होती. भाऊंच्या गाडीत हिरड्याची पिशवी घेऊन चढणारी ही म्हातारी.

"भाऊ, घरात आईचा एकबी फोटू न्हाई. तुमच्याकडं समद्यांचं असत्यात म्हनं."

भाऊंनी तिला बसवलं आणि कॉम्प्युटर लावला. आहुप्याच्या शाळेतल्या एका गुरुजींनी बदलीच्या वेळी फोन रिकामा केला होता, ते फोटो उघडले. एकेक फोटो मोठा करून कोपरे तपासायला लागले. मी मदतीला बसले. माझे डोळे दुखायला लागले, सखूने दोनदा "ऱ्हाऊ द्या" म्हटलं, तरी भाऊ हलले नाहीत.

ती सापडली घोडेगावच्या स्टँडवर. गुरुजींनी स्वतःचाच फोटो काढला होता, तो हललाही होता. मागे उभ्या गाडीच्या खिडकीत हिराबाई, पदर सावरत कुणाकडे तरी बघून हसत होती.

सखूने स्क्रीनवर हात ठेवला. बराच वेळ तिने तो काढला नाही.

फोटो छापून घेऊन ती गेली. भाऊ खुर्चीतच बसून होते. मी सहज विचारलं, "भाऊ, हे वेड लागलं कधी तुम्हाला?"

"आमची सुमन व्हती. धाकटी भन. शाळंत नाव घालायच्या आधीच तापानं गेली. तवा फोटू कुठला? आई व्हती तवर मी इचारायचो, सुमी कशी दिसायची गं? आई सांगायची. आता आईबी न्हाई. सुमीला बघितल्यालं आता मी एकटाच उरलो, म्याडम."

त्यांनी एक बोट आपल्या भुवईवर ठेवलं.

"हितं तीळ व्हता तिला," ते म्हणाले. मग बोट दुसऱ्या भुवईवर नेलं. तिथे थोडा वेळ धरलं, पुन्हा पहिलीवर आणलं.

"का हितं व्हता... आता ध्येनात येत न्हाई."