खिडकीच्या बाजूने ९५३

न्याय ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि सकाळी सात ते नऊ या वेळात ती सर्वांत तीव्र असते. त्या मंगळवारी सकाळी ‘दोन्ही बाजू’ या ऑनलाइन गटावर ३,४१२ सभासद होते. त्यांपैकी ३,४०९ जणांना मत होते. उरलेल्या तिघांपैकी दोघांचे फोन हरवले होते आणि एक जण चुकून गटात आला होता (त्याला बुधवारपर्यंत मत आले).

रोजच्या जगण्यातल्या ज्या भांडणांकडे कोर्ट ढुंकूनही बघत नाही, त्यांचा निवाडा करणे हे गटाचे कार्य. लिफ्टचे बटण आधीच पेटलेले असताना पुन्हा दाबणाऱ्याला काय म्हणावे? दुसऱ्याच्या छत्रीत शिरलेल्याने छत्री धरायची की नाही? फोनवर नुसते ‘हं’ म्हणणे ही संमती धरावी का? असे ८१७ खटले गटाने तोवर निकाली काढले होते. खटला वाचायला सरासरी चाळीस सेकंद लागत. मत मात्र चौदाव्याच सेकंदाला पडे. हे दोन्ही आकडे एकाच सभासदाचे कसे, असा प्रश्न कोणी उपस्थित केला नव्हता.

गटाचे संस्थापक व्यवसायाने दंतवैद्य होते. समोरच्याने तोंड उघडावे पण बोलू नये, ही त्यांची पंचवीस वर्षांची सवय, आणि गटाची घडी त्यांनी त्याच पायावर बसवली होती. परंतु निःपक्षपातीपणाची खरी शिस्त आणली ती दशांशने.

दशांश ही पिण्याचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी चोवीस वर्षांची मुलगी. रोज चाळीस बाटल्या, प्रत्येकीचा रंग, गढूळपणा आणि वास. गटावर ती प्रत्येक निकालाची टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत देत असे, म्हणून हे नाव पडले आणि तिला ते आवडत असे. तिला निरीक्षक नेमल्यावर तिने तीन महिन्यांत तीन नियम केले. पहिला, दोन्ही बाजू मांडल्याच पाहिजेत. दोन्ही तक्रारदारानेच लिहाव्यात (दुसऱ्या पक्षाला सहसा खटल्याची कल्पना नसते). दुसरा, खटला ओळखू येऊ नये म्हणून पुरुषाची बाई करावी, बाईचा पुरुष, घराचे ऑफिस, आणि वयातून तीस वजा करावेत. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की कोणाचा व्यवसाय सांगू नये आणि कोणाचेही कारण देऊ नये.

तिसऱ्या नियमामागे अभ्यास होता. कारणे दिलेल्या खटल्यांवर सरासरी २१२ मते पडत आणि न दिलेल्यांवर १,८४०. कारण कळले की सभासद ‘हं, तसं असेल तर मग...’ असे लिहून निघून जातो. अशाने न्यायसंस्था चालत नाही.

आता खटला.

दशांशचे आई-बाबा एकमेकांशी बोलेनासे झाले त्याला त्या मंगळवारी सात दिवस झाले होते. घरात चांगला उजेड येणारी खोली एकच आणि तिला खिडकीही एकच. गेल्या महिन्यात दुकान बंद करून बाबांनी आपले टेबल त्या खिडकीपाशी आणून मांडले. आईची खुर्ची तिथे आधीपासून होती. आईला खिडकी उघडी हवी. बाबांना बंद. (तिसऱ्या नियमानुसार कारणे इथे देता येत नाहीत. वाचकाने आपले मत मनात नोंदवून पुढे जावे. बहुतेकांनी नोंदवलेच असेल.)

“तुझ्या बाबांना सांग, हे घर आहे, डबा नव्हे झाकण लावून ठेवायला.”

“तुझ्या आईला म्हणावं, एवढं वारं हवं असेल तर गच्चीवर खुर्ची टाक.”

“मी इथेच उभी आहे हो, बहिरी नाही झाले अजून!”

“बघ, आता ती स्वतःहून बोलली. तारीख लिहून ठेव.”

सोमवारी आईने कपाटावरची पिशवी खाली काढून झटकली. “रविवारपर्यंत खिडकीचं काय ते ठरू दे,” ती दशांशला म्हणाली, “नाहीतर मी चालले तुझ्या मावशीकडे. आणि या वेळी चार दिवसांनी परत येणार नाही हं, सांगून ठेवते.” दशांशला मावशीच्या घरची परिस्थिती माहीत होती. मावशीकडे खिडक्या नऊ होत्या.

म्हणून मंगळवारी तिने खटला दाखल केला. नियमाप्रमाणे सगळे बदलले. एका ऑफिसात दोन सहकारी. बत्तीस वर्षांच्या गृहस्थाला खिडकी उघडी हवी, चौतीस वर्षांच्या बाईला बंद. कोण बरोबर? आई-बाबा दोघेही गटाचे सभासद होते (सभासदसंख्या वाढवण्यासाठी तिनेच त्यांना आत घेतले होते), पण तिला काळजी नव्हती. लिंग बदलले की माणूस स्वतःला ओळखत नाही, हे तिने मागच्या साठ खटल्यांत पाहिले होते.

बुधवारी सकाळी बाबांनी घट्ट बंद खिडकीशेजारी बसून तो खटला मोठ्याने वाचला.

“काय एकेक बायका असतात! ऑफिसात खिडकी लावून बसते म्हणे. अगं, त्या बिचाऱ्याचा जीव गुदमरत असेल. उघडू दे की त्याला!”

“तुझ्या बाबांना सांग,” आतून आई म्हणाली, “त्या पोरीचं काही कारण असेल. उगाच कोणी खिडकी लावून बसतं का? हे पुरुष सगळीकडे आपलंच घोडं दामटणार.” (असेल, म्हणाली. कोणते, हे तिनेही विचारले नाही.)

दोघांनी तिथल्या तिथे मत दिले. बाबांनी खिडकी उघडण्याच्या बाजूने आणि आईने बंद ठेवण्याच्या बाजूने. मग बाबांनी खिडकीची कडी नीट बसली आहे ना ते तपासले, आणि आई पिशवीत स्वेटर भरायला गेली.

तीन दिवस गट ढवळून निघाला. उघडीवाल्यांनी बंदवाल्यांना ‘कोंदट’ म्हटले, बंदवाल्यांनी उघडीवाल्यांना ‘वाऱ्यावरची वरात’. एका सभासदाने आपल्या होणाऱ्या बायकोचे मत विचारून घेतले आणि साखरपुडा आठवडाभर पुढे ढकलला. एकाने खिडकीच नसलेल्या ऑफिसचा फोटो टाकून दोन्ही पक्षांना लाज वाटायला लावण्याचा प्रयत्न केला; त्याला विषयांतराबद्दल समज देण्यात आली. शुक्रवारी संध्याकाळी मतमोजणी झाली. एकूण मते १,९०६. उघडी ५०.००%, बंद ५०.००%. म्हणजे ९५३ विरुद्ध ९५३.

आई-बाबांनी स्वतःच्या बाजूने मते दिली असती तरी निकाल हाच आला असता, हे दशांशच्या लगेच लक्षात आले. त्याने तिला काही बरे वाटले नाही.

मते समसमान पडल्यास निरीक्षकाने निर्णायक मत द्यावे, असा चौथा नियम होता. तो तिने केव्हातरी हौसेने लिहून ठेवला होता. म्हणजे आता १,९०६ माणसे बाजूला झाली आणि आई की बाबा, हे एकटीने ठरवायचे. तिने संस्थापकांना फोन लावला.

“नाणं उडव,” दंतवैद्य म्हणाले. मागे कुठलेतरी यंत्र घरघरत होते. “पण खाली चार ओळी लिही. दोन्ही बाजू ऐकल्यासारखं दिसलं पाहिजे. ...तुम्ही आ करा हो, मोठा आ करा.”

शनिवारी ती सुट्टीच्या दिवशी लवकर उठली. खोलीत बाबा टेबलावर वाकले होते. आई खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दशांशने दोघांकडे बघितले आणि स्वतःचाच तिसरा नियम मोडला.

“बाबा, तुम्हाला खिडकी बंद का लागते?”

बाबांनी डोळ्याचे भिंग काढले. अकरा दिवसांत कोणी विचारले नसावे, असा त्यांचा चेहरा झाला.

बाबा घड्याळे दुरुस्त करतात. त्यांनी टेबलावरचा पांढरा कागद तिच्यापुढे सरकवला. “यावर काय आहे?”

“काही नाही.”

“स्क्रू आहे. नीट बघ. बायकांच्या घड्याळातला. मागे असाच वारा आला आणि एक गेला उडून. दोन तास गुडघ्यांवर रांगत शोधत होतो.”

“तो स्क्रू शोधत होतात?” आई थेट त्यांच्याशी बोलली. “मला वाटलं, रुसून टेबलाखाली बसलात.”

“साठी उलटल्यावर टेबलाखाली बसेन का मी?”

“तुमचा काय नेम!”

“आणि आई, तुला उघडी का हवी?”

आईने चाळीस वर्षे इस्पितळात नर्सचे काम केले होते. ती टेबलावरच्या बाटलीकडे बोट दाखवत म्हणाली, “ते घड्याळं धुवायचं औषध. दिवसभर त्याचा वास कोंडतो. दुपारी तीन वाजले की हे डोकं धरून बसतात आणि म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढला. चष्मा कसला डोंबलाचा! मला काय, मी बसेन स्वयंपाकघरात. खिडकी माझ्यासाठी थोडीच मागतेय मी?”

बाबांनी बाटलीकडे पाहिले. मग बुचाकडे, जे बाटलीवर नव्हते.

दशांशने श्वास घेतला. औषधाचा वास स्पष्ट येत होता. महिनाभर ती रोज चाळीस बाटल्यांचा वास नोंदवून या खोलीत येऊन बसत होती.

तिने बॅगेतून मोजपट्टी काढली. पांढऱ्या कागदावर स्क्रू ठेवला, बाबांना भिंग लावून त्याच्यावर नजर ठेवायला सांगितले आणि आईला डोळे मिटून वास घ्यायला. मग खिडकी एकेक सेंटिमीटर उघडत नेली आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबली.

“येतोय वास?”

“येतोय.”

“स्क्रू?”

“जागच्या जागी. तू बोलू नकोस, तुझ्या बोलण्यानेच हलेल.”

पाच सेंटिमीटरला वास गेला. नऊला स्क्रू गडगडला आणि बाबांनी तो झेलला; आईने टाळी वाजवली आणि मग आपण बोलत नाही हे आठवून हात पदरात घेतले. दशांशने मधला आकडा धरून खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली. आईने पिशवीतून स्वेटर काढला, कारण आता थोडे वारे लागत होते.

संध्याकाळी दशांशने गटावर निर्णायक मत दिले: सात सेंटिमीटर. हा पर्याय मतपत्रिकेवर नसल्याने तो बाद ठरवण्यात आला. तिने पक्षकारांना कारणे विचारली, हे तिने स्वतःच खाली लिहिले होते. त्यामुळे पक्षपाताच्या आरोपावरून रात्री जेवणाआधी तिला निरीक्षकपदावरून काढण्यात आले. लगोलग नवा खटला उभा राहिला: खिडकी अर्धवट उघडी ठेवणे हा पळपुटेपणा आहे का? आई-बाबांनी एकाच फोनवर डोकी जोडून तो वाचला आणि दोघांनीही ‘आहे’ असे मत दिले.

रविवारी मावशी स्वतःच आली. तिने आल्या आल्या खिडकी सताड उघडली. दोघेही एकदम ओरडले.

अंतिम नोंद. खटला वाचणारे ३,१०८. मत देणारे १,९०६. मत देण्यापूर्वी ‘का’ असे विचारणारे शून्य. या हकिगतीच्या मध्यावर मनात मत नोंदवून पुढे गेलेले वाचक यात धरलेले नाहीत. खिडकी, पुढचा मंगळवार, सकाळी आठ वाजता: ७.०० सेंटिमीटर.